बंद गिरण्या-कारखान्यांच्या जमिनीवरील घरे आणि मातीची स्वच्छता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईचे गिरणगाव, भांडुप-मुलुंडमधील लालबहादूर शास्त्री मार्ग, ठाण्यातील कोलशेत व घोडबंदरचा पट्टा, पिंपरी-चिंचवड अशा भागांत बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी गेल्या काही दशकांत मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली आणि अजूनही राहत आहेत. अशा संकुलात घर घेऊ पाहणारे, तेथे आधीच राहणारे आणि सोसायटीचे पदाधिकारी यांच्याकडून सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे कायद्याचा आधार आहे तेथे तो सांगितला आहे. जेथे केवळ आमचे मत आहे तेथे ते मत म्हणूनच वाचावे.

कारखाना बंद पडून वीस-पंचवीस वर्षे झाली. इतक्या पावसाळ्यांत जमीन आपोआप धुऊन निघाली नसेल का?

काही प्रमाणात निघते, पण कशाने दूषित झाली होती यावर ते अवलंबून आहे. डिझेल किंवा फर्नेस ऑइलसारख्या तेलांचा हलका भाग उडून जातो आणि काही भाग मातीतले जिवाणू हळूहळू खातात. शिसे, क्रोमियम, कॅडमियम, पारा हे धातू मात्र कुजत नाहीत आणि विरतही नाहीत. ते जागच्या जागी राहतात किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जातात. यंत्रांचे सुटे भाग धुण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावक पाण्यापेक्षा जड असतात. ते सांडले की भूजलाच्या पातळीवर न थांबता खाली खाली उतरत जातात. आपल्याकडे वरचा मुरूम संपला की काळा पाषाण लागतो आणि पाषाण म्हणजे अभेद्य थर असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बेसाल्टला सांधे आणि भेगा असतात, आपल्या विहिरींना पाणी लागते तेही त्यांतूनच. ज्या वाटेने पाणी येते त्याच वाटेने दूषितेही प्रवास करतात, आणि भेगांतली ही वाट वरून पाहून ओळखता येत नाही.

कापडगिरणीच्या जमिनीत विषारी असे काय असणार? तेथे तर सूत आणि कापडच होते.

कताई आणि विणाईच्या खात्यांपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. त्रासनखाते (कताई) किंवा साचेखाते (विणाई) येथील मुख्य त्रास हवेतल्या कापसाच्या तंतूंचा होता आणि तो कामगारांच्या फुप्फुसांनी भोगला. जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा वेगळ्या आहेत. ब्लीचिंग, रंगाई आणि छपाई चालत असे ती जागा व तेथून निघणारी गटारे, बॉयलरघर आणि त्यामागचा कोळशाच्या राखेचा ढीग, फर्नेस ऑइलच्या टाक्या, वर्कशॉप, बॅटरीची खोली आणि विजेचे सबस्टेशन या त्या जागा. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील तेलात पीसीबी नावाची अत्यंत चिवट रसायने असण्याची शक्यता असते. त्यांच्यावर नियंत्रण आणणारा आदेश आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला. बॉयलर आणि वाफेच्या नळांभोवती गुंडाळलेले अॅस्बेस्टॉस हा आणखी एक विषय. ते जमिनीत मुरलेले नसते, पण पाडकामाच्या वेळी त्याचे तंतू हवेत उडतात आणि भुगा डेब्रिजमध्ये मिसळून त्याच प्लॉटच्या भरावात जातो.

अनेक गिरण्यांच्या आवारात तलाव होते हे आता कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. तलाव बुजवला तेव्हा तो कशाने बुजवला, हा जुना नकाशा हाती घेतल्यावर विचारायचा पहिला प्रश्न आहे. रासायनिक, औषधनिर्मितीच्या किंवा इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यांची जमीन असेल तर यादी आणखी वाढते. जागेचे जुने नावही कधी कधी सांगून जाते. लालबागमध्ये ‘गॅस कंपनी’ हे नाव आजही तोंडी आहे. कोळशापासून गॅस बनवण्याच्या अशा कारखान्यांच्या जमिनीत डांबर, बेंझीन आणि सायनाइडची संयुगे सापडल्याचा अनुभव जगभरच्या शहरांत आहे, त्यामुळे असे नाव दिसले की तपासणीची व्याप्ती वाढवावी.

मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींचा विकास होत असताना हा विचार झाला नव्हता का?

वाद प्रचंड झाला, पण तो जवळजवळ सगळा वाटणीचा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे सुरू झाल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली. एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. पाडलेल्या शेडखालची जमीन हिशेबातून बाहेर गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सार्वजनिक वाट्याच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून २००१ चा बदल वैध ठरवला.

या पंधरा वर्षांच्या झगड्यात जमीन कोणाला किती, चटई क्षेत्र किती, कामगारांना घरे किती हे प्रश्न होते आणि ते रास्तच होते. त्या जमिनीच्या पोटात काय आहे हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. त्याचे एक कारण सरळ आहे. देशात घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम १९८९ मध्ये आले. संप त्याआधी सात वर्षांचा. त्यामुळे कोणत्या गिरणीने कोणता गाळ कोठे टाकला याची नोंद ठेवण्याचे बंधनच ज्या काळात नव्हते त्या काळातील या जमिनी आहेत. ‘कागदोपत्री काही आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ अशा जमिनींबाबत ‘जमीन स्वच्छ आहे’ असा घेता येत नाही.

एक विसंगती आम्हाला नेहमी खटकते. बंद कारखान्याच्या जमिनीवर रहिवासी वापराची परवानगी देताना कामगारांची देणी चुकती झाल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला मागण्याची पद्धत आपल्याकडे रुजली, आणि ती फार चांगली झाली. जमिनीचे देणे चुकते झाल्याच्या दाखल्यासाठी तेवढाच आग्रह कोणी धरलेला नाही.

विकासकाने आम्हाला ‘माती परीक्षण अहवाल’ दाखवला आहे. तो पुरेसा नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतो. जो अहवाल दाखवला जातो तो सहसा पायाच्या आखणीसाठी केलेला भूतांत्रिक अहवाल असतो. त्यात बोअर किती मीटर घेतले, मुरूम कोठे संपला, खडक किती सलग निघाला, मातीची भारवहन क्षमता किती, पाइल (पायाचे जमिनीत उतरवलेले खांब) किती खोल घ्यावी अशी माहिती असते. इमारत उभी राहील की खचेल हे तो सांगतो. मातीत शिसे आहे की तेल, याबद्दल त्यात एक ओळही नसते. फार तर पाण्यातील क्लोराइड आणि सल्फेट मोजलेले असते, पण तेही काँक्रीट आणि सळई टिकावी म्हणून.

तरीही तो अहवाल नीट वाचावा. बोअरच्या नोंदींत ‘भराव’ म्हणून किती मीटर लिहिले आहे आणि त्या भरावाचे वर्णन काय केले आहे ते पाहावे. ‘काळपट भराव, विटांचे तुकडे, राख, तेलकट वास’ अशी नोंद दिसली, तर पुढची चौकशी करायला तेवढे कारण पुरे आहे. बोअरचे नमुने लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत मीटरवार मांडून ठेवतात. शक्य असल्यास ती पेटी पाहायला मागावी. पिवळट मुरमाच्या मधोमध हातभर काळा पट्टा दिसला तर तो तज्ज्ञाशिवायही ओळखू येतो.

मग दूषिततेची खरी तपासणी कशी होते?

आधी कागद, मग जमीन. पहिल्या टप्प्यात कारखान्याचे जुने नकाशे, मंजूर आराखडे, कारखाना चालवण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली संमतीपत्रे, जुनी उपग्रह चित्रे आणि तेथे काम केलेल्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या जातात. यातील शेवटचे साधन सर्वांत दुर्लक्षित आहे. सांडपाण्याची टाकी कोठे होती, रिकामी पिंपे कोठे रचत आणि उरलेले रसायन पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यात ओतले जाई, हे निवृत्त फिटर किंवा मुकादम जितके नेमके सांगतो तितके कोणताही आराखडा सांगत नाही.

दुसऱ्या टप्प्यात या माहितीवरून ठरवलेल्या ठिकाणी, आणि उरलेल्या जमिनीवर चौकटी आखून, वेगवेगळ्या खोलीवरचे मातीचे नमुने घेतले जातात. भूजलासाठी निरीक्षण विहिरी घेतल्या जातात, आणि पाण्याचे नमुने निदान पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासले जातात. येथे एक चलाखी ओळखता आली पाहिजे. दहा ठिकाणची माती एकत्र कालवून एकच ‘संमिश्र नमुना’ तपासला, तर एका कोपऱ्यातील जबर दूषितता नऊ स्वच्छ कोपऱ्यांत विरघळून जाते आणि अहवाल निर्मळ येतो. द्रावक किंवा बेंझीनसारखे उडून जाणारे पदार्थ तर असे कालवताना हवेतच जातात. म्हणून अहवालात प्रत्येक नमुन्याचे ठिकाण, खोली आणि तारीख असावी आणि प्रयोगशाळेची मान्यता त्या विशिष्ट चाचणीसाठी असावी.

दूषित निघालेली माती स्वच्छ करतात म्हणजे नक्की काय करतात?

सर्वांत रूढ उपाय म्हणजे ती खणून उचलणे. घातक ठरलेली माती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रांसारख्या अधिकृत ठिकाणी नोंदीसह गेली पाहिजे. व्यवहारात धोका असा की ती साध्या डेब्रिजच्या डंपरमध्ये भरली जाते आणि खाडीकाठच्या खारफुटीवर किंवा दुसऱ्या एखाद्या प्लॉटच्या भरावात जाऊन पडते. एका जागेची स्वच्छता म्हणून दुसरी जागा नासवण्याचा हा प्रकार आहे. त्यामुळे किती माती निघाली, किती डंपर गेले आणि कोठे पोहोचले, याच्या पावत्यांचा ताळा जुळणे हा स्वच्छतेचाच भाग मानावा.

बाकीचे उपाय जागेवर करायचे आहेत. तेलाने माखलेल्या मातीवर जिवाणूंचा वापर, वायुरूप होणारे पदार्थ शोषून काढणे, दूषित भूजल उपसून शुद्ध करणे, धातूंनी दूषित मातीत सिमेंटसारखे द्रव्य मिसळून धातू बांधून ठेवणे, किंवा माती जागेवरच ठेवून वर अभेद्य थर व स्वच्छ माती टाकून ती झाकून टाकणे. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी जुन्या औद्योगिक पट्ट्यातील माती धुण्याची यंत्रे जागेवरच उभारली गेली, बहुतांश माती तेथेच पुन्हा वापरली गेली आणि खेळ संपल्यावर खेळाडूंची निवासस्थाने नागरिकांची घरे झाली.

झाकून टाकण्याचा उपाय आम्ही वाईट मानत नाही. ज्या जमिनीवर कायमचा पोडियम (इमारतीभोवतीचा काँक्रीटचा उंच चौथरा) येणार आहे तेथे तो समंजसपणाचाही असू शकतो. पण झाकले आहे ही गोष्ट सोसायटीच्या दस्तऐवजांत लिहिलेली हवी, कारण पंधरा वर्षांनी पाण्याची नवी टाकी बांधण्यासाठी तोच थर कोणीतरी फोडणार असते.

किती स्वच्छ झाले म्हणजे ‘स्वच्छ’ म्हणायचे?

हे जमिनीच्या पुढच्या वापरावर ठरते. गोदामासाठी चालेल ती पातळी लहान मुलांच्या मैदानाला चालत नाही, कारण मुले मातीत खेळतात आणि हात तोंडात घालतात. कोडाईकनालमधील थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यामुळे २००१ मध्ये बंद झाला. पाऱ्याने माखलेला काचेचा सुमारे २९० टन कचरा २००३ मध्ये अमेरिकेला परत पाठवला गेला, पण मातीत पारा किती राहिला तरी चालेल यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. किलोमागे २० मिलिग्रॅम ही रहिवासी वापराची पातळी ठरवण्यात आली आणि ती पुरेशी कडक नाही असे स्थानिकांचे म्हणणे राहिले. म्हणून ‘माती मर्यादेत आहे’ असे कोणी म्हटले, की कोणती मर्यादा, कोणत्या वापरासाठीची, हे विचारलेच पाहिजे.

यासाठी भारतात स्वतंत्र कायदा आहे का?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून जागा दूषित आहे की नाही ते ठरवायचे आणि जबाबदार कोण हे शोधायचे, अशी त्यांची रचना आहे. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याच्या क्षेपणभूमी त्यातून वगळल्या आहेत. नियम आले तेव्हा देशभरात १०३ दूषित जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष स्वच्छतेचे काम अवघ्या सात ठिकाणी सुरू झाले होते.

तपासणीला मुदत आहे. स्वच्छता पूर्ण करण्याला मात्र ठरलेली अंतिम मुदत नाही. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा पीथमपूरला हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला हे ज्यांना आठवते त्यांना ही त्रुटी किरकोळ वाटणार नाही.

खर्च कोणी करायचा?

ज्याने प्रदूषण केले त्याने. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या बिछरी प्रकरणात ठामपणे मांडले. राजस्थानात उदयपूरजवळच्या या गावात रंगनिर्मितीसाठी लागणारे एच-अॅसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी नासवले होते. वसुली मात्र इतकी लांबली की २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजाचा आदेश द्यावा लागला. प्रदूषक सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल, तर केंद्र व राज्य सरकारने व्यवस्था करावी असे नवे नियम म्हणतात. जमीन दोन-तीन हातांतून गेलेली असेल तर मूळ कंपनी, मधला खरेदीदार आणि विकासक एकमेकांकडे बोट दाखवतात, हे गृहीत धरूनच सोसायटीने कागदपत्रे जपून ठेवावीत.

आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहणार आहोत. आम्हाला कसला धोका?

घरात बसून फारसा नाही, आणि उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. आपल्याकडील इमारतींखाली मोकळे, हवेशीर पार्किंग असते, त्यामुळे जमिनीतून वर येणारी वाफ राहत्या घरात साचण्याची शक्यता थंड देशांतील बैठ्या घरांपेक्षा कमी आहे. लक्ष द्यायचे ते तळघरे, लिफ्टचे खड्डे, जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या आणि पंपघर यांकडे. तळघरात पावसाळ्यात झिरपणारे पाणी रंगीत असेल, त्यावर तेलाचा तवंग येत असेल किंवा सुरक्षारक्षक वासाची तक्रार करत असतील, तर ते पाणी तपासून घ्यावे.

दुसरी बाब बागेची. पोडियमवरची बाग बाहेरून आणलेल्या मातीची असते. जमिनीलगतचे खेळाचे मैदान मात्र मूळ भरावावर असू शकते.

संकुलातील बोअरवेलचे पाणी वापरावे का?

तपासल्याशिवाय पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी अजिबात वापरू नये. नेहमीच्या तपासणीत क्षारता, कठीणपणा आणि जिवाणू पाहतात. कारखान्याच्या जमिनीवर जड धातू, तेलाचे अंश आणि उडणारी सेंद्रिय संयुगे यांची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. पाणी उकळल्याने धातू जात नाहीत, उलट त्यांचे प्रमाण वाढते.

बांधकाम चालू असताना कोणाला धोका असतो?

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त, तेथे खणणाऱ्या मजुरांना. त्यांची वस्ती बहुधा त्याच प्लॉटच्या कोपऱ्यात असते, मुले मातीच्या ढिगाऱ्यावर खेळतात, आणि टँकर आला नाही की खड्ड्यात साचलेले पाणी वापरले जाते. दूषिततेच्या चर्चेत ग्राहकाची काळजी केली जाते आणि या माणसांचा उल्लेखही होत नाही. तपासणी खोदकामाच्या आधी व्हावी असा आग्रह धरण्याचे आमच्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे.

एवढा आग्रह कशासाठी? असे प्रत्यक्षात कोठे घडले आहे?

अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट कालव्यात एका रासायनिक कंपनीने सुमारे २१ हजार टन कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन एक डॉलरला शाळा मंडळाला विकली. रसायने पुरल्याचा उल्लेख विक्रीच्या दस्तात होता. तरीही तेथे शाळा झाली, भोवती घरे झाली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. दूषित जागांच्या स्वच्छतेचा अमेरिकी कायदा १९८० मध्ये आला तो यानंतरच. माहिती दस्तात होती, घरे घेणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली नव्हती.

हे सगळे विचारत बसलो तर घरांचे भाव पडतील, असे आमच्या सोसायटीतील काहींचे म्हणणे आहे.

भाव तपासणीने पडत नाहीत, अफवेने पडतात. स्वच्छ अहवाल हाती असणे विक्रीच्या वेळी फायद्याचेच आहे.

घर घेण्याआधी कोणती कागदपत्रे पाहावीत?

बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. ती आणि तिच्यासाठीचा अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतो. अशा अनेक मंजुरींत एक ठरावीक अट असते, की जड धातू व इतर विषारी घटक पाझरून भूजलाला धोका पोहोचत नाही याची खात्री करण्यासाठी माती आणि भूजलाचे नमुने तपासावेत. अट ठरावीक असल्यामुळे ती कोणी वाचत नाही, पण ग्राहकाच्या हातातले ते उत्तम शस्त्र आहे. विकासकाला ‘माती विषारी आहे का’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘या अटीच्या पूर्ततेचा अहवाल द्या’ असे लेखी विचारावे. मंजुरीच्या अटींचा अनुपालन अहवाल सहा महिन्यांनी द्यावा लागतो; तोही मागावा. महारेराच्या संकेतस्थळावर जमिनीच्या मालकीचा इतिहास मिळतो, त्यावरून आधी तेथे कोणता कारखाना होता ते कळते. कारखान्याची संमतीपत्रे माहितीच्या अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मागवता येतात. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर न मिळणे हेही नोंदवून ठेवावे.

आमची इमारत बारा वर्षांपूर्वीच उभी राहिली. आता काय करता येईल?

पहिल्यांदा बोअरवेल, तळघरात झिरपणारे पाणी आणि जमिनीलगतच्या बागेतील वरची हातभर माती यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावेत. हा खर्च सोसायटीच्या आवाक्यातला असतो आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव करून ठेवावा. निकाल चिंताजनक आला तर बोअरवेल बंद करणे, मैदानावर पुढे कोणी खणले तर लक्षात यावे अशी वेगळ्या रंगाची चादर अंथरून त्यावर स्वच्छ मातीचा जाड थर देणे, तळघरात वायुवीजन वाढवणे ही कामे लगेच करता येतात. त्याच वेळी जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय यांना अहवालासह लेखी कळवावे, म्हणजे २०२५ च्या नियमांनुसार जागा संशयित म्हणून नोंदवली जाण्याची वाट मोकळी होते.

रेराच्या कलम १४ खालची पाच वर्षांची दोषदायित्वाची (बांधकामातील दोष विकासकाने दुरुस्त करून देण्याची) मुदत अशा इमारतीसाठी संपलेली असते, आणि जमिनीची दूषितता त्या कलमाच्या शब्दांत चपखल बसते असेही आम्हाला वाटत नाही. नुकसानभरपाई आणि पर्यावरणाच्या पुनःस्थापनेसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा मार्ग अधिक योग्य आहे. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तेथे भरपाईच्या अर्जाला साधारण पाच वर्षांची मुदत आहे आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद होऊ शकतो. त्यामुळे पहिला अहवाल हाती येताच, दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता, वकिलाचा सल्ला घ्यावा आणि प्रयोगशाळेची मूळ प्रत, नमुने घेतल्याचा पंचनामा व छायाचित्रे सोसायटीच्या दप्तरी जमा करावीत.